अंगावर पाजणाऱ्या नव्या आईचा आत्मविश्वास खचतो तो बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच

एका ताईंनी लिहिलंय की, दूध पुरेसं येतंय हे डॉक्टरांनी सांगूनही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. त्यात नवल काहीच नाही. बाळ रडलं की खोलीतलं प्रत्येक माणूस विचारतं, "दूध पुरत नाहीये का गं?" दिवसातून दहादा हे ऐकलं की कुणाचाही धीर सुटेल.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, म्हणजे अगदी सुरुवातीचं घट्ट दूध, आणि तो थोडाच असतो. बाळाचं पोटही तेवढंच इवलंसं असतं. सिझेरियननंतर दूध उतरायला जरा उशीर होऊ शकतो. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. हे बाळंतपणाआधीच का सांगत नाहीत? नेमक्या याच दिवसांत घाबरून दुधाच्या पावडरचा डबा घरात येतो, बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं.

दूध काढायच्या पंपात किती निघालं यावरून अंदाज बांधू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू आणि वाढतं वजन, हे बघा. शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. तेव्हा वरचं दूध लागलं तर त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही.

आणि पाजताना सतत दुखत असेल तर सोसत बसू नका. बहुतेकदा बाळाची स्तन तोंडात धरण्याची पकड चुकत असते, ती कुणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते.