दारू सोडायची आहे: पहिली मीटिंग शोधायची कशी, आत काय होतं?

काठावरचा
अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संस्था, तिच्या मीटिंगला जायचं नक्की केलंय. पण यादीत ओपन, क्लोज्ड, स्टेप असं काय काय लिहिलेलं दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठली धरावी? बोलावंच लागतं का? देवाधर्माचं किती असतं? आणि रोज पिणाऱ्याने आधी चार दिवस तरी बंद करून जायला हवं ना?

मध्यमपदलोपी
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गफलत तिथे होते. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. थांबवलेलं असायला हवं असं कुठेही नाही.

सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, तर मीटिंगच्या नावाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. भास, ताप, दिवस-रात्रीचं भान सुटणं, म्हणजे डॉक्टर ज्याला डीटी म्हणतात ते, बहुधा ४८ ते ९६ तासांत येतं आणि जिवावर बेतू शकतं. पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल तर घरच्या घरी प्रयोग नकोच. डॉक्टरांना रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली हे खरं सांगा. अर्धं करून सांगितलं तर औषधाचा डोसही चुकतो. गरजेप्रमाणे काही दिवसांची औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१, देतात.

हे आणि मीटिंग एकाच आठवड्यात सुरू करता येतं. घेऊन गेलात म्हणून सहसा कोणी हाकलत नाही; त्या दिवशी न बोलता ऐका, एवढीच बहुतेक गटांची विनंती असते. गाडी मात्र चालवू नका.

निशिगंध
यादीबद्दल. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे त्याच्यासाठीच. ओपनला घरचे, मित्र, कोणीही बसू शकतं. तुम्हाला दोन्ही चालतात, पण सोबत कोणाला नेणार असाल तर ओपनच बघा. स्टेप मीटिंगमध्ये बारा पायऱ्यांपैकी (दारूमुक्तीसाठी संस्थेने सांगितलेल्या टप्प्यांपैकी) एखादी वाचून त्यावर बोलतात, नवख्याला ती जरा अधांतरी वाटते. स्पीकर (एखादा सभासद आपली कहाणी सांगतो ती) किंवा बिगिनर्स (नवख्यांसाठीची) लिहिलेली मिळाली तर उत्तम.

यादी संस्थेच्या अधिकृत साइटवरून किंवा हेल्पलाइनवरूनच घ्या. इकडून तिकडून उचललेल्या याद्या जुन्या असतात, वेळ बदललेली असते. फोन करून दार कुठलं, मजला कुठला, हेही विचारा. गट सहसा भाड्याच्या खोलीत भरतात, बाहेर फार तर छोटी पाटी असते, आणि खोली न सापडल्यामुळेच पुष्कळजण दारातून परत फिरतात. १० मिनिटं आधी पोहोचा आणि खुर्च्या मांडणाऱ्याला ‘मी नवीन आहे’ एवढं सांगा. पुढचं तो बघतो.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. सुरुवातीला वाचन, मग एकेकाचं शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं. मधे कोणी सल्ला देत नाही, वादही घालत नाही. ‘कोणी नवीन आहे का?’ असं विचारतील. फक्त पहिलं नाव सांगा, किंवा ‘आज ऐकतो’ म्हणा. कोणी आग्रह धरत नाही. पैशाची पिशवी फिरते, ती पुढे सरकवली तरी चालते. फी नाही. हजेरीच्या कागदावर सही हवी असेल तर अध्यक्षाला सुरुवातीलाच विचारा. सही देणं न देणं गटावर असतं.

देवाचं म्हणाल तर प्रार्थना असते आणि ‘उच्च शक्ती’ हा शब्द वारंवार येतो. तिचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. प्रार्थनेला गप्प उभं राहिलं तरी चालतं. तेही खटकत असेल तर स्मार्ट रिकव्हरी हा वेगळा मार्ग आहे. तिथे विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो, उच्च शक्ती नाही.

मध्यमपदलोपी
भर घालतो. संपल्यावर लगेच पळू नका. दोन-तीन फोन नंबर मिळतात ते तिथेच, चहा घेताना. ते पहिला पेग घेण्याआधी लावायचे असतात, नंतर नव्हे. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, पहिल्याच दिवशी ठरवायची घाई नको.

एका मीटिंगवरून निकालही लावू नका. प्रत्येक गट स्वायत्त असतो. एक कंटाळवाणा तर दुसरा जिवंत. पाच-सहा वेगवेगळे बघा. कोणी डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगितली तर ते त्याचं वैयक्तिक मत, संस्थेचं नव्हे. आणि अनामिकता हा संकेत आहे, कायद्याचं संरक्षण नव्हे, त्यामुळे कोर्टकचेरीत अडकू शकणारी गोष्ट तिथे बोलू नका, वकिलाशी बोला.

काठावरचा
ऑनलाइन मीटिंगने सुरुवात केली तर? आणि घरच्यांनाही काही विचारायचंय.

निशिगंध
चालेल. पण जॉइन होण्याआधी अ‍ॅपमधलं नाव बदला. ऑफिसच्या अकाउंटवरून शिरलात तर आडनावासकट पूर्ण नाव सगळ्यांना दिसतं. कॅमेरा बंद ठेवता येतो, मात्र क्लोज्ड मीटिंगमध्ये काही गट थोडा वेळ तरी चेहरा दाखवायला सांगतात. इअरफोन लावा, म्हणजे इतरांचं बोलणं घरात ऐकू जाणार नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून चालू असलेली वेगळी संस्था. तुम्ही सोडली नसेल तरीही त्यांना तिथे जाता येतं.