प्रतिसाद : दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं शिक्षण

ताई, भाच्याला तीन महिन्यांच्या मोबाइल रिपेअरिंग कोर्सला घालायचं का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे : दहावी झाली असेल तर आधी आयटीआयचा (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा) 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, बघा. दोन वर्षांचा आहे, सरकारी संस्थेत फी परवडते आणि पुढे अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवारी, करता येते. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात, त्यामुळे तारखांकडे लक्ष ठेवा.

खाजगी क्लासच निवडायचा असेल तर 'शंभर टक्के नोकरी'च्या फलकाला भुलू नका. फी भरण्याआधी चालू बॅचमध्ये तासभर बसू द्या म्हणावं. एका सोल्डरिंग स्टेशनवर (जिथे सुटे भाग डाख देऊन जोडतात) किती मुलं आहेत? ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) वापरात आहे की कपाटात? मुलं सर्किट डायग्राम वाचून मल्टीमीटरने (व्होल्टेज वगैरे मोजायच्या मीटरने) फॉल्ट, म्हणजे बिघाड, शोधतात, की नुसता बोर्ड बदलतात? खरी विद्या फॉल्ट शोधण्यातच आहे. बोर्ड कोणीही बदलेल.

सुरक्षितता शिकवतात का, हेही आवर्जून विचारा. आपल्या २३० व्होल्ट पुरवठ्यावर एसएमपीएसच्या (उपकरणातल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटच्या) मुख्य कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. हे पहिल्या आठवड्यात न सांगणाऱ्या ठिकाणी मुलाला पाठवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि त्याला एकदा मुंबईत ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेऊन जा. सुटे भाग, जुने बोर्ड, साधं किट घेऊन द्या. घरी त्यात रमला, तर दोन वर्षं नक्की टिकेल.