मदत हवी आहे: युद्धकैदी आजोबांची इटली-जर्मनीहून आलेली कार्डं

नमस्कार मंडळी. सिन्नरच्या जुन्या घरातली ट्रंक रिकामी करताना माझ्या चुलत आजोबांची दोन पोस्टकार्डं सापडली. ते ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते आणि जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा जर्मन सेनापती रोमेलच्या तावडीत सापडले, एवढं घरात सगळ्यांना माहितीये, त्यापुढचं जो तो आपापलं सांगतो.

पहिलं कार्ड इटलीचं, कॅम्पो पी.जी. ९१, म्हणजे आवेत्झानोची युद्धकैद्यांची छावणी. मजकूर काय, तर मी खुशाल आहे, काळजी करू नये. दुसरं जर्मनीचं, स्टालाग ४ डी/झेड, म्हणजे अन्नाबुर्गची तशीच छावणी, तारीख डिसेंबर १९४३. सप्टेंबरमध्ये इटलीने हात वर केले आणि जर्मनांनी तिथले बरेच कैदी उचलून नेले, त्यातच हे गेले असावेत. हे कार्ड मोडीत आहे आणि मधल्या दोन ओळींवर सेन्सॉरने काळं फासलंय (त्याला मोडी वाचता येईना म्हणून फासलं का काय!).

आता घोळ असा की काका छातीठोकपणे सांगतात, आजोबा नेताजींच्या फौजेत गेले, कारण अन्नाबुर्गातूनच जर्मनीतल्या त्या फौजेची भरती झाली होती. भरती झाली हे खरं, पण नेताजी फेब्रुवारी १९४३ लाच पाणबुडीने निघून गेले आणि डिसेंबरात ती फौज फ्रान्सच्या किनाऱ्यावर होती, मग आजोबा फौजेत असते तर कैद्यांच्या टपालाचं कार्ड कशाला आलं असतं? मला नाही पटत. उलट आजी म्हणायची ते स्वित्झर्लंडचं नाव काढायचे. मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर अमेरिकन बॉम्ब पडले आणि पाचशेच्या आसपास हिंदी कैदी निसटून सीमेपार स्वित्झर्लंडला पोचले, त्यात हे असतील का?

नाशकात मोडी नीट वाचणारं कोणी आहे का, समोर बसून वाचणारं, कारण कार्डं कुरियरने पाठवायची माझी छाती नाही. आणि जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे नातेवाइकांची चौकशी कोणी केलीये का? ते ठरावीक काळातच मोजके अर्ज घेतात म्हणे. सैनिक नंबर नसेल, नुसतं नाव, गाव आणि पलटण एवढ्यावर भागतं का? बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला आधी लिहू का? स्कॅनवाला लॅमिनेट करा म्हणत होता, त्याला नको म्हटलंय.