मुलांच्या खोलीची खिडकी तुम्ही कशी सजवलीत?

मुलांची खोली लावताना भिंतीचा रंग, पलंग, कपाट यांवर घरात बराच खल होतो. खिडकीला मात्र हाताशी असेल तो पडदा लागतो. खोलीतला उजेड, वारा आणि मुलांची झोप या खिडकीवरच तर असते! तुम्ही काय केलंत, काय टिकलं, मुलं कशात रमली, ते इथे लिहा. मापं दिलीत तर फारच छान.

*

लेकीची आई

आमची खिडकी पूर्वेची. रंगीत जिलेटीन कागदाचे मासे कापून आम्ही दोघींनी काचेला आतून लावले. आकार तिचे, कापाकापी माझी. एका माशाची शेपटी तिने मुद्दाम वाकडी ठेवायला लावली, कारण तो "वळतोय". सकाळी ऊन आलं की निळा मासा आधी समोरच्या भिंतीवर दिसतो, मग उतरत उतरत पलंगावर येतो. चादरीवर आला की ती त्याच्यावर हात ठेवते आणि हात निळा झाला म्हणून खूश!

मग तिने भिंतीवर पेन्सिलने त्याची जागा आखायला सुरुवात केली, रोज शाळेची तयारी करायच्या वेळी. जूननंतर खुणा हळूहळू उत्तरेकडच्या कोपऱ्याकडे सरकत गेल्या. सूर्य दक्षिणेकडे सरकतो म्हणून मासा उलट्या बाजूला जातो, हे तिला पुस्तकाआधी भिंतीवर कळलं. वर्षभरात सूर्याची ही उत्तर-दक्षिण ये-जा सुमारे 47 अंशांची असते. डिसेंबरच्या 21-22 तारखेनंतर खुणा परत फिरल्या, तेव्हा तिने घरभर सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्या भिंतीला मी रंग लावू देणार नाही.

*

शिवणकामवाली आजी

नातवाच्या खोलीचे पडदे मीच शिवले. कापडाची रुंदी रॉडच्या दुप्पट घ्या, म्हणजे पडदा ओढल्यावरही चुण्या राहतात. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण 15 सेंटीमीटर जास्त असावा. तेवढ्याने कडेची उजेडाची फट बरीच बुजते आणि दिवसा पडदा पूर्ण बाजूला होतो. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढाच, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतं.

सजावट म्हणाल तर त्याच्या लहान झालेल्या शर्टांचे खिसे उसवून पडद्याच्या खालच्या भागावर टाचले. बटणं तशीच ठेवली. त्या खिशांत सध्या शिंपले आणि एक पक्ष्याचं पीस आहे. जड काही ठेवू देऊ नका, पडदा ओढला जातो.

*

बाबा, मुलगा दोन वर्षांचा

सजावटीच्या धाग्यात हे लिहितोय, कारण ते आधी यायला हवं. लहान मुलाच्या खोलीत लोंबती दोरी असलेला ब्लाइंड लावूच नका. त्या दोरीच्या फासात मुलांचा गळा अडकून जीव गेलेले आहेत, आणि ते आवाजही न होता घडतं. अमेरिकेतल्या मानकानुसार डिसेंबर 2018 पासून तयार मिळणारे ब्लाइंड बिनदोरीचे किंवा दोरी हाताला न लागणारेच असावे लागतात. माळा, झिरमिळ्या, लटकन यांनाही हेच लागू.

पलंग, खुर्ची, खेळण्यांचं खोकं खिडकीपासून लांब ठेवा, मुलं त्यावर चढतातच. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. ग्रील हवी, आणि गजांमधली फट 10 सेंटीमीटरपेक्षा कमी. आमची ग्रील मुलाच्या आवडीच्या पिवळ्या रंगात रंगवलीय, तीच आमची सजावट.

*

भाड्याच्या घरात

बिनगोंदाची, पाण्याने चिकटणारी फिल्म. घर सोडताना सोलून काढायची, दुसऱ्या घरात लावायची. बास.

*

जुळ्यांची आई

रात्री बाहेरच्या झाडाची सावली काचेवर हलायची आणि धाकटी घाबरायची. गडद पडदा लावला तर थोरलीला आकाश दिसेना. शेवटी काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म लावली आणि वरचा भाग मोकळा सोडला. फांदी झाकली गेली, चांदण्या राहिल्या, दोघीही शांत झोपतात. खिडकी दुहेरी काचेची असेल तर गडद फिल्म लावण्याआधी माहीतगाराला विचारा. उन्हाने काच असमान तापून तडकू शकते.

उन्हाच्या खिडकीत काचेचा भरीव गोळा टांगायचा मोह अनेकांना होतो. तो ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि कापड किंवा कागद पेटू शकतो. इंद्रधनुष्यच हवं असेल तर सपाट बाजूंचा लोलक घ्या, आणि तोही मुलांच्या हाताला न लागेल इतका वर.

*

चित्रकलेची शिक्षिका

मुलांना काचेवर थेट रंगवू द्या! पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब घातले की रंग काचेला धरतो आणि नंतर ओल्या फडक्याने निघतो. रंगकाम काचेच्या आतल्या बाजूनेच. चौकटीला आधी चिकटपट्टी लावा, लाकडात मुरलेला रंग सहज जात नाही. जुन्या स्टिकरचा गोंद राहिला असेल तर कोमट साबणपाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ दाबून ठेवा आणि मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. कोरड्या काचेवर पातं चालवलं तर चरे पडतात.