मदत हवी आहे: १.५ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात आयन चेंबरचे मापन आणि मॉन्टे कार्लो गणित जुळत नाही

०.६ घनसेंमीच्या फार्मर पद्धतीच्या आयन चेंबरचे (पोकळीतील हवेत किरणांमुळे तयार झालेला विद्युतभार गोळा करून किरणमात्रा मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन चुंबकीय क्षेत्रात किती बदलते, हे मी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवलेल्या लहान जलफँटममध्ये (शरीराऐवजी वापरायच्या पाण्याच्या टाकीत) ६ एमव्ही क्ष-किरणांवर मोजत आहे. चेंबरचा अक्ष क्षेत्राला समांतर असताना ईजीएसएनआरसी या मॉन्टे कार्लो प्रणालीने (यादृच्छिक आकडे वापरून एकेका कणाचा मार्ग काढणाऱ्या संगणकप्रणालीने) काढलेले, क्षेत्र असताना आणि नसतानाच्या वाचनांचे गुणोत्तर मापनाशी नीट जुळते. मात्र अक्ष क्षेत्राला आणि किरणांनाही लंब ठेवला, की गणित मापनापेक्षा सुमारे एक टक्का जास्त येते.

१ एमईव्ही इलेक्ट्रॉनच्या वक्रमार्गाची त्रिज्या या क्षेत्रात जेमतेम ३ मिमी, म्हणजे चेंबरच्या पोकळीच्या त्रिज्येएवढीच असल्याने गणितात इलेक्ट्रॉन ज्या टप्प्याटप्प्याने पुढे नेला जातो त्या पायरीची लांबी चुकली असेल, हा माझा पहिला संशय होता. पण ती निम्मी आणि पुन्हा निम्मी करूनही उत्तर हलले नाही. क्षेत्र शून्य असताना फॅनो चाचणी (उत्तर आधीच नेमके माहीत असलेल्या मांडणीवर गणिताची घेतलेली कसोटी) ०.१ टक्क्यात उतरते. चेंबर थेट पाण्यात असल्याने घन फँटममध्ये छळणाऱ्या हवेच्या फटीचा प्रश्न नाही. ध्रुवत्व (व्होल्टेज उलटे केल्यावर वाचनात पडणारा फरक) आणि पुनर्संयोग (गोळा होण्याआधीच आयन पुन्हा एकत्र येणे) यांच्या दुरुस्त्या क्षेत्र चालू असतानाही नव्याने मोजून लावल्या आहेत.

एक गोष्ट खटकते. मी पोकळीतील सगळी हवा संवेदनशील धरली आहे, प्रत्यक्षात मात्र गार्ड इलेक्ट्रोडजवळच्या (गळतीचा प्रवाह मापनात येऊ न देणाऱ्या इलेक्ट्रोडजवळच्या) हवेतील विद्युतभार गोळा होत नाही.

चेंबर कापून पाहणे शक्य नाही आणि उत्पादकाच्या आराखड्यात गार्डचे तपशील नाहीत. अशा वेळी हा मृत भाग क्ष-किरण प्रतिमेवरून मोजलेल्या मापांनी विद्युतक्षेत्राचे गणित करून ठरवणे पुरेसे अचूक ठरते का, आणि क्षेत्र चालू असताना फॅनो चाचणी घ्यायची तर स्रोताची मांडणी नेमकी कशी ठेवावी?