एकाच नावाची गावं आणि तिथे वारलेली नामवंत माणसं: यादी कशी करावी?

भटका कावळा:
प्रश्नमंजुषेसाठी एक तक्ता करायचा आहे. एका रकान्यात गावाचं नाव आणि पुढे त्या नावाच्या वेगवेगळ्या गावांत वारलेली दोन-तीन नामवंत माणसं. उदाहरणार्थ सेंट पीटर्सबर्ग: रशियातल्या शहरात दस्तयेव्हस्की (१८८१) आणि चायकोव्हस्की (१८९३), फ्लॉरिडातल्या शहरात जॅक केरुॲक (१९६९). अशा भरवशाच्या जोड्या आणखी कुठल्या? नियमही ठरवायचे आहेत. उपनगर धरायचं का? दफन त्या गावात झालं असेल तर चालेल का? गावाचं नाव मधल्या काळात बदललं असेल तर काय लिहायचं? आणि विकिडेटावरून (विकिपीडियाशी जोडलेला खुला माहितीसाठा) यादी काढताना नेमकं कुठे फसतं?

तळटीप:
दफन धरू नका, एवढा एकच नियम आधी करा. केरुॲकचंच बघा. वारला फ्लॉरिडात, पुरला मॅसेच्युसेट्समधल्या लोवेलला. दोन्ही धरलंत तर प्रत्येक माणूस दोन रकान्यांत दिसेल.

सगळ्यात रंगतदार नाव म्हणजे काँकर्ड. मॅसेच्युसेट्समधलं काँकर्ड लेखकांचं गाव. तिथे थोरो ६ मे १८६२ला आणि इमर्सन २७ एप्रिल १८८२ला वारला. न्यू हॅम्पशायरची राजधानीही काँकर्डच, आणि तिथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स ८ ऑक्टोबर १८६९ला वारले. इथपर्यंत सरळ आहे. घोळ नथॅनिएल हॉथॉर्नपाशी होतो. त्याचं घर मॅसेच्युसेट्सच्या काँकर्डला आणि थडगंही तिथेच, थोरो-इमर्सनच्या शेजारी. पण तो वारला १९ मे १८६४ला, याच पियर्सबरोबर न्यू हॅम्पशायरमध्ये हवापालटासाठी फिरत असताना, प्लिमथ या गावातल्या हॉटेलात. म्हणजे राज्य पियर्सच्या काँकर्डचं, पण गाव काँकर्ड नाहीच. वर प्लिमथ म्हटलं की लोकांना मॅसेच्युसेट्सचं, नाहीतर इंग्लंडचं प्लिमथ आठवतं. एकाच माणसावर दोन सापळे! मंजुषेचा शेवटचा प्रश्न इथेच मिळाला समजा. लुइसा मे अल्कॉटही काँकर्डची म्हणून सर्रास टाकतात. तिचं दफन तिथे झालं, निधन बॉस्टनला (१८८८).

दुसरी पक्की जोडी केंब्रिजची. जी. एच. हार्डी १ डिसेंबर १९४७ला इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये वारला आणि आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड त्याच महिन्याच्या ३० तारखेला मॅसेच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये. दोघेही गणिती, दोघेही ट्रिनिटी कॉलेजचे, म्हणून व्हाइटहेडला डोळे झाकून इंग्लंडमध्ये टाकलं जातं. तो १९२४लाच हार्वर्डला गेला होता. इंग्लंडच्या बाजूला रदरफोर्ड (१९३७), विट्गेनस्टाइन (१९५१), हॉकिंग (२०१८) आहेत. पलीकडे लाँगफेलो (१८८२) आणि पोलरॉइडवाला एडविन लँड (१९९१).

यातून शोधायची रीतही कळते. माणूस ज्या गावामुळे ओळखला जातो, ते नाव बाजूला ठेवून त्याची शेवटची दहा-वीस वर्षं कुठे गेली ते आधी बघायचं. अलेक्झांड्रिया घ्या. कवी कवाफी (१९३३) आणि पदच्युत इटालियन राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल (१९४७) हे इजिप्तच्या अलेक्झांड्रियात वारले. व्हर्जिनियाच्या अलेक्झांड्रियात १६ जून १९७७ला वारला वेर्नर फॉन ब्राउन. रॉकेटमुळे त्याचं नाव हंट्सव्हिलशी जोडलेलं, त्यामुळे तो कुणाला चटकन सुचत नाही.

शिवेवरचा:
उपनगराचा नियम असा ठेवा: मृत्यूच्या दिवशी ती जागा त्या गावाच्या हद्दीत होती का? आजचा नकाशा लावलात की चुका होतात.

जेम्स वॅट २५ ऑगस्ट १८१९ला हँड्सवर्थमधल्या आपल्या घरी वारला. हँड्सवर्थ तेव्हा स्टॅफर्डशायरमध्ये होतं, बर्मिंगहॅममध्ये आलं ते १९११ला. म्हणजे या नियमाने वॅट बर्मिंगहॅमचा नाही. त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याचंही तेच, त्याचं सोहो हाउस हँड्सवर्थमध्येच. त्याऐवजी कार्डिनल न्यूमन घ्या. तो १८९०ला एजबॅस्टनमध्ये वारला, आणि एजबॅस्टन त्याआधीच शहरात आलं होतं. समोर अलाबामाच्या बर्मिंगहॅममध्ये जॅझवाला सन रा (१९९३), जो जन्मलाही तिथेच.

रॉचेस्टरला हीच खबरदारी हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सुझन बी. अँथनी (१३ मार्च १९०६) आणि कोडॅकचा जॉर्ज ईस्टमन (१४ मार्च १९३२), मिनेसोटाच्या रॉचेस्टरला विल्यम मेयो (१९३९). त्याचा भाऊ चार्ल्स त्याच वर्षी वारला, पण शिकागोला, तेव्हा ‘मेयो बंधू’ असं एकत्र लिहू नका. इंग्लंडच्या रॉचेस्टरपुढे लोक डिकन्स लिहून मोकळे होतात. तो वारला शेजारच्या हायमला, गॅड्स हिलच्या घरी. तिथे रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

गावाचं नाव बदललं असेल तर मृत्यूच्या वेळचं नाव लिहा. पाव्हलोव्ह फेब्रुवारी १९३६मध्ये लेनिनग्राडला वारला, त्याला सेंट पीटर्सबर्गच्या रकान्यात टाकलं तर मंजुषेत कुणीतरी हरकत घेणारच. १९१४ ते १९२४ पेट्रोग्राड, पुढे १९९१पर्यंत लेनिनग्राड. या ७७ वर्षांतली माणसं वगळा किंवा वेगळी खूण करा.

तारखांचं निराळं झेंगट आहे. रशियात १९१८पर्यंत जुनी दिनदर्शिका होती. फरक अठराव्या शतकात ११ दिवसांचा, एकोणिसाव्यात १२चा, विसाव्यात १३चा. म्हणून ऑयलरला ७ आणि १८ सप्टेंबर १७८३, दस्तयेव्हस्कीला २८ जानेवारी आणि ९ फेब्रुवारी १८८१, मेंडेलेयेव्हला २० जानेवारी आणि २ फेब्रुवारी १९०७ अशा दोन-दोन तारखा मिळतात. दोन्ही बरोबर आहेत. तक्त्यात एकच पद्धत ठेवा, नवी बरी.

इंग्लंडमध्ये तर वर्षच बदलतं. पहिली एलिझाबेथ रिचमंडच्या राजवाड्यात २४ मार्च १६०३ला वारली, पण तेव्हा तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे त्या काळच्या कागदांत साल १६०२ दिसतं, आणि तो त्या सालाचा शेवटचा दिवस! रिचमंडची जोडी मात्र झकास जमते. थेम्सकाठी एलिझाबेथ आणि तिचा आजा सातवा हेन्री (१५०९), व्हर्जिनियात जनरल जे. ई. बी. स्टुअर्ट (१२ मे १८६४). स्टुअर्टला गोळी लागली आदल्या दिवशी, शहराबाहेर यलो टॅव्हर्नला. जखमी झाल्याची जागा आणि मृत्यूची जागा यांची गल्लत करू नका.

प्रश्नचिन्ह:
विकिडेटाचं सांगतो. तिथे प्रत्येक प्रकारच्या माहितीला एक क्रमांक असतो. मृत्यूचं ठिकाण म्हणजे पी२०, दफनाचं पी११९, मृत्यूची तारीख पी५७०. ठिकाण कुठल्या प्रशासकीय हद्दीत येतं, ते पी१३१.

‘सारख्या नावाची सगळी गावं आणि तिथे वारलेले सगळे’ अशी एकच क्वेरी (माहिती मागवणारी आज्ञा) लिहू नका. ६० सेकंदांची मर्यादा आहे, ती हमखास टाइमआउट होईल. आधी दहा-पंधरा नावं हाताने निवडा, प्रत्येक गावाचा क्यू-क्रमांक (विकिडेटावरचा ओळखक्रमांक) काढा आणि क्वेरीत तेवढीच यादी द्या. इंग्लंडचं केंब्रिज क्यू३५०, मॅसेच्युसेट्सचं क्यू४९१११. लेबल दोघांचं नुसतं ‘केंब्रिज’ असतं, फरक खालच्या वर्णनात दिसतो. म्हणून लेबलवर जुळवणी करायची नाही.

मग पी२० घ्या आणि त्यापुढे पी१३१ तारांकन (*) लावून जोडा, म्हणजे क्वेरी त्या जागेपासून वरच्या सगळ्या हद्दींपर्यंत चढत जाते. पी२०मध्ये बऱ्याचदा गावाऐवजी राजवाडा किंवा इस्पितळ असतं, आणि तारांकन नसेल तर अशी माणसं सुटतात. लावल्यावर एकच माणूस दोनदा येऊ शकतो, तेव्हा डिस्टिंक्ट (पुनरावृत्ती गाळणारा क्वेरीतला शब्द) विसरू नका. नामवंत कोण हे ठरवायला साइटलिंक मोजा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतल्या विकिपीडियांसारख्या किती संकेतस्थळांवर त्या माणसाचं पान आहे ते. वीसच्या खालचे गाळले की यादी आटोपशीर होते.

फसतं ते इथे. पी१३१ मुख्यतः आजची हद्द दाखवतं, त्यामुळे वर लिहिलेला वॅट बर्मिंगहॅममध्ये येऊन बसेल. शिवाय गावाऐवजी त्याच नावाचा मोठा विभाग निवडला गेला की भलतीच माणसं येतात. रिचमंडसाठी लंडनचा ‘रिचमंड अपॉन थेम्स’ बरो घेतलात तर ट्विकनमला वारलेला कवी पोप (१७४४) रिचमंडचा होईल. कोर्दोबाचं तेच. संगीतकार मान्युएल दे फाया १९४६ला अर्जेंटिनातल्या आल्ता ग्रासियाला वारला. ते गाव कोर्दोबा प्रांतात आहे, कोर्दोबा शहरात नाही. वर माणूस स्पॅनिश आणि पुरलाय स्पेनमध्ये, कादिझच्या कॅथेड्रलात, म्हणून हाताने भरलेल्या याद्यांत त्याला थेट स्पेनच्या कोर्दोबात ढकलतात.

भटका कावळा:
छान, बरंच सुटलं. नावापुढे शेपूट असलेली गावं धरावीत का? फ्रँकफर्ट दोन आहेत, पण एक माइनकाठचं, एक ओडरकाठचं. आणि हैदराबाद?

तळटीप:
रोजच्या बोलण्यात शेपूट गळत असेल तर धरा. माइनकाठी शोपेनहाउअर (१८६०). ओडरकाठी ब्रुन्सविकचा राजपुत्र लिओपोल्ड, जो २७ एप्रिल १७८५ला पुरात लोकांना वाचवायला गेला आणि बुडाला. याच नियमाने सांतियागोला तीन रकाने भरतात: चिलीत आंद्रेस बेयो (१८६५) आणि नेरुदा (१९७३), क्यूबात नेपोलियनचा सेंट हेलेनावरचा डॉक्टर अँतोमार्की (१८३८), आणि स्पेनच्या सांतियागो दे कोंपोस्तेलात व्हाये-इंक्लान (१९३६).

कार्ताहेना घेतलंत तर ब्लास दे लेझो (१७४१) कोलंबियाच्या बाजूला लिहा. स्पॅनिश आरमारी अधिकारी म्हणून त्याला स्पेनच्या कार्ताहेनात टाकायचा मोह होतो. ब्रिटिशांचा वेढा त्याने मोडला तो कोलंबियातल्या कार्ताहेनाचा, आणि काही महिन्यांत वारलाही तिथेच.

हैदराबाद सोपं आहे. दख्खनला शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान (२४ फेब्रुवारी १९६७), सिंधला लेखक मिर्झा कलीच बेग (३ जुलै १९२९). इथे पी२० तपासताना देश बघून घ्या. १९२९ला दोन्ही शहरं एकाच ब्रिटिश सत्तेच्या छायेत असल्यामुळे जुन्या चरित्रकोशांत पुढे देश लिहिलेला नसतो, आणि नुसतं ‘हैदराबाद’ वाचून नोंद करणारा बेगना दख्खनमध्ये टाकतो.