आईची गाठ १.८ सेंटिमीटर, तरी अख्खा स्तन काढायचा का?

प्रश्न (कसबा बावडा)
आई ५८ वर्षांची. अंघोळ करताना गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून महिनाभर कुणाला बोललीच नाही. बायोप्सीत कॅन्सर निघाला. गाठ १.८ सेंटिमीटर, काखेत सोनोग्राफीत काही नाही. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी. हर-टू या प्रथिनाची तपासणी २+, म्हणजे धड हो नाही की नाही, म्हणून फिश या पक्क्या तपासणीला पाठवलंय. डॉक्टर म्हणतात, गाठ तेवढी काढू, नंतर शेक (रेडिएशन) देऊ. आत्ती म्हणते, "मुळासकट काढा. आधीच सुई घालून पसरवून ठेवलंय." आई नुसती देवघरासमोर बसून असते. कुणी यातून गेलंय का?

उत्तर (राजारामपुरी)
मी गेलेय, चार वर्षं झाली. माझी १.६ ची होती. सुईनं पसरत नाही गं. त्या तुकड्यावरूनच तर कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. माझ्या सासूबाईंचाही हाच हट्ट होता. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, इटली आणि अमेरिकेत २० वर्षं बायकांवर लक्ष ठेवलं, २००२ साली निकाल छापून आले. अख्खा स्तन काढलेल्या आणि गाठ काढून शेक घेतलेल्या, जगण्यात फरक नाही. त्याच स्तनात परत यायची थोडी शक्यता राहते, म्हणून शेक चुकवायचा नाही आणि दरवर्षी मॅमोग्राफी.

मला १५ शेक, तीन आठवडे. कॅन्सर पसरला तर आधी काखेतल्या ज्या लसीका ग्रंथीत जातो, ती शोधायला निळं औषध टोचलं होतं, दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी! मी घाबरून रडले, आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आईला सांगून ठेव.

केमो मला लागली नाही. तुमचं फिश पॉझिटिव्ह आलं तर मात्र केमो आणि ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाचं बोलणं होईल, ते औषध साधारण वर्षभर चालतं. मी रोज लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी घेते. सकाळी सांधे धरतात, रंकाळ्यावर फेरी मारली की सुटतात. या गोळीनं हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी विसरू नका.

उत्तर (शाहूपुरी)
खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते ऑपरेशनआधीच विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार बरोबर न्या.

प्रश्नकर्ती
फिश निगेटिव्ह आलं. आईला ताईंचं सगळं वाचून दाखवलं. पहिल्यांदाच बोलली: "त्यांना विचार, शेक घेताना ब्लाउज कसला घालायचा?"

उत्तर (राजारामपुरी)
जुना सुती, सैल, पुढून हुकांचा. आणि अंगावर खुणा करतात, त्या घासून पुसायच्या नाहीत म्हणावं.